बाबागाडी ढकलणार कोण?

शिरूरच्या माझ्या दुकानात कुणी बाबागाडी घ्यायला आलं की मी लगेच गाडी दाखवत नाही. आधी विचारते, ढकलणार कोण?

बहुतेकांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. गाडी बाळासाठी आहे, तर बाळाचं वय विचारावं, रंग विचारावा; ढकलणाऱ्याची चौकशी कशाला? पण बाळ गाडीत झोपलेलं असतं. त्याला गाडीबद्दल काही मत नसतं. गाडी चुकली की त्रास मागच्या माणसाला होतो, आणि तो दोन-चारदा झाला की गाडी माळ्यावर जाते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत प्लॅस्टिकच्या आवरणासकट किती बाबागाड्या माळ्यांवर पडून आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांपेक्षा त्या नक्कीच जास्त असतील.

दुकान काढण्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. या दोन तालुक्यांच्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या. आधी आवृत्तीची पानं कमी झाली, मग टेबलं. बाळांच्या वस्तूंच्या धंद्याची मला काहीही माहिती नव्हती. एक सवय मात्र होती. कोण, कुठं, कधी, कसं, याची उत्तरं मिळेपर्यंत बातमी पानात घ्यायची नाही, आणि शंका आली तर माणूस जागेवर पाठवायचा. तीच सवय दुकानात आणली. नातेवाईक म्हणाले, अशी उलटतपासणी केलीस तर गिऱ्हाईक पळेल. काही पळाली. दुकान अजून आहे.

या धंद्यात आमच्याकडची एक रीत आडवी येते. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही. झबलंसुद्धा आणत नाहीत, तिथं गाडी कुठली. बाळ झाल्यावर गाडी आणतो तो मामा, आणि आणतो ती बारशाला. त्या वेळी बाळाची आई सव्वा महिन्यासाठी घरात असते. म्हणजे ढकलणारी दुकानात येत नाही आणि जो येतो, त्याच्या डोळ्यांसमोर बारशाचा मांडव असतो. गाडी मांडवात कशी दिसेल, पाहुण्यांच्या फोटोत पूर्ण येईल की नाही, वहिनीच्या माहेरच्यांनी गेल्या वर्षी आणली होती तिच्यापेक्षा मोठी आहे ना, एवढं पाहून तो बोट दाखवतो. ती गाडी सर्वांत रुंद असते, तिला झालर असते आणि ती गाणं म्हणते.

प्रत्यक्षात बघायचं असतं ते फार थोडं. जे बाळ अजून बसत नाही, त्याला जवळजवळ सपाट होणारी पाठ लागते. पट्टा खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येऊन एकाच ठिकाणी अडकणारा हवा. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. चाक लहान आणि कडक प्लॅस्टिकचं असेल तर दुकानाच्या फरशीवर पळतं आणि गावातल्या मुरमात रुतून बसतं. पुढची चाकं गरगर फिरतात. खराब रस्त्यावर ती सरळ अडकवून ठेवायची सोय हवी. दांडा ढकलणाऱ्याच्या कमरेच्या जरा वर यावा. दांड्याला भाजीची पिशवी टांगू नये, कारण बाळ उचललं की गाडी मागं उलटते. आणि घडी घातलेली गाडी घरातल्या मोटारसायकलवर मावली पाहिजे, कारण घरात वाहन तेच असतं. बाकी सगळं कापड आहे.

वॉकर मी ठेवत नाही. रोज कुणीतरी मागतं, रोज नाही म्हणते. चालायला न येणाऱ्या बाळाला चाकं लावून पायऱ्यांच्या घरात सोडायचं, हे मला पटत नाही. समोरच्या दुकानात मिळतो, असं गिऱ्हाईक सांगतं. मिळत असेल.

दौंडची एक रेल्वेतली नोकरदार बाई नवऱ्याला घेऊन आली होती. नवऱ्याला जाड टायरची, तीन चाकांची गाडी हवी होती. ढकलणार कोण, असं विचारल्यावर कळलं की दर रविवारी ती एकटीच बाळाला घेऊन पुण्याला आईकडं जाते. म्हणजे दौंड जंक्शनचा जिना, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात गाडी. मी जाड टायरच्या गाडीची घडी घालून नवऱ्याच्या हातात दिली आणि दुकानाच्या पोटमाळ्याचा जिना चढून यायला सांगितलं. तो अर्ध्यातून परत आला आणि म्हणाला, "हलकी दाखवा."  बायकोनं आधीच हलकीचा दांडा धरून ठेवला होता.

इनामगावचे एक आबा नातवासाठी स्वतः गाडी घ्यायला आले. सोसायटीच्या निवडणुका लढवलेला, बागायतदार माणूस. "ढकलणार मी," एवढंच म्हणाले. गावात हे सोपं नव्हतं. घरातल्या पुरुषानं लेकरू खांद्यावर घेतलेलं चालतं. गाडी ढकलत गावातून गेलेलं चालत नाही. पुढं ते टायर बदलायला आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. पारावर बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "आबा, म्हातारपणी ड्रायव्हरकी धरली व्हय?" आबा म्हणाले, "व्हय. आन् मालक झोपल्यात. हळू बोल." त्यानंतर कुणी विचारलं नाही. वर्षाच्या आत त्याच गावातून आणखी दोन गिऱ्हाइकं आली. दोन्ही आजोबा.

बाबागाडीला विरोध करणारे नेहमी रस्त्याचं कारण सांगतात. आपल्याकडं फुटपाथ कुठं आहेत, खड्डे किती, उसाचे ट्रॅक्टर किती, ही शहरातली थेरं इथं चालायची नाहीत. रस्ता खराब आहे हे खरं आहे. पण रस्ता खराब आहे म्हणून घरात बसा, असं फक्त बाळाला आणि त्याच्या आईला सांगितलं जातं. ट्रॅक्टरला कुणी सांगत नाही.

आता ज्या गाडीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडं येते.

दीपक नावाचा तरुण दुकानात आला तो बारशाच्या आधी. वरवंडला महामार्गालगत त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. बहिणीला मुलगी झाली होती, बाळंतपण माहेरी वरवंडलाच झालं होतं. दारात उभं राहूनच त्यानं सर्वांत मोठ्या गाडीकडं बोट दाखवलं.

"ही द्या पॅक करून."

"ढकलणार कोण?"

"ढकलायला काय, कुणीबी ढकलंल."

"कुणीबी म्हणजे नाव काय त्याचं?"

तो हसला. मग म्हणाला, "तिची सासू ढकलंल. ताईला न्हाई जमायचं. ताईचा हात गेलाय."

त्यानं सांगितलं ते असं. बहीण कविता रांजणगावच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होती. पत्र्याला आकार देणारं हे मशीन वरून दाब देतं. त्यात तिच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला आणि तळव्याचा थोडा भाग. लग्न आधी झालं होतं, मूल नंतर झालं.

अशा बातम्या माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्या होत्या. प्रेसच्या अपघाताची बातमी चार ओळींची असते. कारखाना कुठं, पाळी कोणती, हात कुठपर्यंत गेला, गुन्हा नोंदला की नाही. त्या हातानं पुढं काय काय करावं लागणार आहे, हे त्या चार ओळींत कधीच बसत नाही.

मी दीपकला म्हटलं, "तुमच्या बहिणीला घेऊन या. गाडी तिच्या हातानं उघडली पाहिजे, मगच देईन."

"सव्वा महिना झाल्याबिगर ती कशी येणार? बारसं परवा हाय."

"मग बारशाला अंगडं-टोपडं न्या. गाडी नंतर."

"मॅडम, मामानं बारशाला काहीच दिलं न्हाई म्हणतील लोकं. तुमाला इकायचीय का न्हाई?"

"नाही."

"चाकाचं तर मला सांगूच नका. माझा धंदाच हाय."

"चाकं चांगली आहेत. पट्ट्याचं बोलतेय मी."

तो निघून गेला. गाडी त्यानं दुसरीकडून घेतली, हिच्याहूनही रुंद, हे मला नंतर कळलं.

बरेच दिवस गेले. एका दुपारी एक बाई एकटीच दुकानात आली. डावा हात पदराखाली होता. तिनं आधी सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली.

"एका हातानं उघडती का हो एखादी?"

"तुम्ही वरवंडच्या दीपकच्या बहीण?"

"व्हय. तुमी न्हाई म्हणलात म्हणून तो लई चिडला व्हता. म्हणून तर आले."

"बाळ कुठं आहे?"

"घरी. आक्का आणू देत न्हाईत." आक्का म्हणजे तिची सासू. "बाहेरच न्हाई, घरात बी देत न्हाईत. पाजायपुरतं मांडीवर ठेवत्यात आन् उचलत्यात. आंघोळ त्यांची, खेळवणं त्यांचं, डोसला नेणं त्यांचं. मी दूध देणारी."

तिनं हे रागानं सांगितलं नाही. एखाद्या पाळीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. तिला एकच गोष्ट हवी होती: पुढच्या डोसला, म्हणजे लसीला, बाळाला गावच्या उपकेंद्रात तिनं न्यायचं. दुसऱ्या कुणी नाही.

दुकानात गाडी तपासायला मी तांदळाची पिशवी ठेवते. छोट्या बाळाच्या वजनाची, थोडी सैल शिवलेली, म्हणजे ती बाळासारखी एका बाजूला कलते. कवितानं पदर खोचला आणि पिशवी उचलली. उजव्या हातानं उचलून डाव्या कोपराच्या खोबणीत घेतली. आक्कांना जे जमणार नाही असं वाटत होतं, ते तिनं येताक्षणी केलं होतं.

पहिल्या गाडीची घडी उघडायला दांड्याच्या दोन टोकांची दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागत होती. ती बाजूला ठेवली. दुसरी एका हातानं उघडली, पण पट्ट्याचं कुलूप दोन्ही बाजूंनी चिमटायचं होतं. तिथं गाडी अडली. तिसरी राखाडी रंगाची होती. झालर नाही, गाणं नाही. घडी मधल्या पट्टीनं ओढून उघडायची, ब्रेक पायानं, आणि पट्टा मधल्या एका बटणानं सुटायचा. सोडणं सोपं होतं. लावणं अवघड. दोन्हीकडची टोकं मधल्या खाचेत सरकवेपर्यंत ती खाच कुणीतरी धरून ठेवावी लागते. कवितानं टोक पुढं आणलं की खाच मागं सरकायची आणि तांदळाचं बाळ कलंडायचं.

मी म्हटलं, ओळखीचे एक चांभार आहेत, त्यांच्याकडून या पट्ट्याला वेगळा आकडा शिवून घेऊ.

"नको," ती म्हणाली. "मला येगळी गाडी नको. हात येगळा झाला तेवढं बास झालं. सगळ्या घेत्यात तीच पाहिजे. पट्टा मला लावता आला पाहिजे, एवढंच."

ती गाडीसमोर उकिडवी बसली. गुडघा पुढच्या नळीला टेकवला, डाव्या तळव्याचा उरलेला भाग खाचेवर ठेवून ती पिशवीवर दाबून धरली, आणि उजव्या हातानं एकेक टोक आत सारलं. पट्टा लागला. तिनं माझ्याकडं पाहिलं, पट्टा सोडला, पुन्हा लावला. मग नुसतीच बसून लावत आणि सोडत राहिली. दरम्यान दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांना काय हवं होतं ते मला आठवत नाही.

"द्या हीच," ती म्हणाली.

"घर बघितल्याशिवाय देत नाही."

"बघा की. पण आक्का आधी च्या देतील आन् मग हाकलतील."

तिचं सासर रांजणगावच्या अलीकडच्या एका गावात. घर थोडं उंचावर, दारापासून रस्त्यापर्यंत मुरमाचा उतार. मी राखाडी गाडी घेऊन गेले तेव्हा कविताचा नवरा सचिन पहिल्या पाळीला गेला होता. आक्का दारात उभ्या होत्या, कडेवर बाळ. घराच्या आत, मध्यभागी, दीपकची गाडी होती. तिच्यात धुतलेली लंगोटं आणि एक उशी.

ती तिथंच का, याचं उत्तर दारात होतं. दाराची एक फळी कपाटामागं कायमची बंद. उरलेल्या फळीतून माणूस नीट जातो. कविता सासरी आली त्या दिवशी दीपकनं बारशात न उघडलेलं खोकं आत आणून, घरात बसून, पाहुण्यांसमोर गाडी जोडली. सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर ती बाहेर काढायला गेले तर दारातून निघेना.

"भावानं एवढी आणली हाय," आक्का म्हणाल्या, "आता ही आणखी कशाला?"

"ती दारातून जात नाही."

"जायचंय कशाला? लेकराला आत काय कमी हाय? मी हाय ना कडेवर घ्यायला." मग माझ्याकडं वळून, "तुमी दुकानदार. तुमी इकायला येणारच."

"विकायचीच असती तर दीपकला मोठी विकली असती. मी नाही म्हणाले."

याची त्यांना माहिती असावी. 

"मॅडम, हिच्या हातनं ताट निसटतं. परवा तांब्या निसटला. लेकरू निसटलं तर तुमी येणार का?"

"ताट हातात धरावं लागतं. गाडीत बाळ बांधलेलं असतं. दांडा निसटला तरी बाळ जागेवर राहतं, आणि ब्रेक पायात आहे. तिचे पाय चांगले आहेत."

"तुमाला काय म्हाईत," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दवाखान्यात पट्टी सोडली तवा मी व्हते. ही तिकडं तोंड करून पडली व्हती. सचिन भायेर पळाला. मी बघितलं. तवापासनं त्या हातात काय बी द्यायचं म्हणलं की माझाच हात कापतो."

माझ्या कामाच्या दोन्ही पर्वांत माणसं माझ्याशी बोलली ती बहुधा छापून यावं म्हणून किंवा स्वस्त मिळावं म्हणून. हे दोन्हींपैकी कशासाठीच नव्हतं.  उत्तर कवितानं दिलं.

"आक्का, हात माझा गेला. भ्या तुमाला बसलं. माझं मी सांभाळलं. आता तुमचं बी मीच किती दिस सांभाळू?"

आक्कांनी बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग ते आतल्या झोळीत ठेवलं आणि ज्वारीचं एक गाठोडं घेऊन बाहेर आल्या. राखाडी गाडीत ते टाकलं.

"बांध."

कविता उकिडवी बसली. गुडघा, तळवा, एक टोक, दुसरं टोक. पट्टा लागला.

"ने खाली."

गाडी दारातून आरामात निघाली. उताराला लागण्याआधी कवितानं पुढची चाकं सरळ अडकवली. उतार अर्धा झाल्यावर आक्का वरून म्हणाल्या, "आता सोड."

कवितानं पायानं ब्रेक दाबला आणि दांडा सोडला. दोन्ही हात वर केले, डावासुद्धा. शेजारच्या घरातली बाई हे बघायला ओट्यावर आली होती.

गाडी उभी राहिली. आक्कांचं समाधान झालं नाही. त्या उतरून खाली आल्या आणि दांड्याला स्वतः ढकललं. चाकं मुरमावर खरडली, फिरली नाहीत. मग गाठोडं काढायला वाकल्या. दोन्ही हातांनी पट्टा ओढला, वळवला, पुन्हा ओढला. सुटेना. कवितानं मधलं बटण अंगठ्यानं दाबलं.

"लई अवघड बाई," आक्का पुटपुटल्या.

"सवयीनं जमंल तुमाला," कविता म्हणाली.

ओट्यावरची शेजारीण हसली. आक्का हसल्या नाहीत.

"डोसला ने तू," त्या म्हणाल्या. "पण मी संगं येणार."

"या. गाडीला हात लावायचा न्हाई मात्र."

 आक्का आत जाऊन चहा ठेवायला लागल्या. कवितानं सांगितलेल्या क्रमातला चहा झाला; हाकलणं झालं नाही.

पुढच्या रविवारी दीपक मोठी गाडी न्यायला गेला. ती दारातून निघेना तेव्हा त्यानं धंद्यातली अक्कल वापरून चारही चाकं काढली आणि नुसता सांगाडा आडवा करून बाहेर घेतला. परत जाताना तो शिरूरला दुकानात आला, सांगाडा टेम्पोत तसाच.

"मॅडम, बहिणीनं भावाची वस्तू परत दिली. वरवंडला काय सांगू?"

"सांगा, दारात अडकत होती."

"ते सांगितलं तर अजून हसत्याल." जाता जाता त्यानं राखाडी गाडीची जादा चाकं मिळतील का, असं विचारलं. मिळतील, असं सांगितलं. "मग मीच बदलून देत जाईन," तो म्हणाला. "तेवढं तरी मामाकडं राहू द्या."

डोसच्या दिवशी मी तिथं नव्हते. जे घडलं ते मला कवितानं सांगितलं, आणि नंतर उपकेंद्रातल्या नर्सबाई दुकानात पुतण्यासाठी दुपटी घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी वेगळं सांगितलं. दोघींचं जिथं जुळलं, तेवढंच इथं लिहिते. वाटेवरचं मात्र एकट्या कविताचं आहे, आणि शेवटचं एकट्या नर्सबाईंचं.

उपकेंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये ओढ्यावरचा पूल आणि त्यापुढं चढ. कविता गाडी ढकलत होती. आक्का बाजूनं चालत होत्या, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत धरून. चढावर गल्लीतला एक पोरगा मोटारसायकल थांबवून म्हणाला, "वहिनी, द्या इकडं, मी चढवतो." कविता म्हणाली, "नको भावजी, गाडी बंद पडली न्हाई." किराणा दुकानासमोर एका बाईनं आक्कांनाच धरलं. "आक्का, तुमी असताना लेकरू तिच्या हवाली? आन् हे गाडीचं काय खूळ?"

आक्का म्हणाल्या, "तिच्या हवाली न्हाई तर कुणाच्या? जनमलं तवा तू व्हतीस का?"

त्या बाईनं पुढं काय म्हटलं, ते कविताला ऐकू आलं नाही. गाडी पुढं गेली होती.

उपकेंद्राला दोन पायऱ्या आहेत, उतरती फरशी नाही. कवितानं पायरीशी ब्रेक लावला, पट्टा सोडला आणि बाळाला उचललं. डाव्या कोपराच्या खोबणीत मान, उजवा हात खाली. आक्कांचे दोन्ही हात पाठीमागून सुटून पुढं आले. बाळाला लागले नाहीत. तिथंच राहिले, पायऱ्या संपेपर्यंत.

डोस देताना बाळाला मांडीवर घेऊन त्याचे पाय कुणीतरी घट्ट धरावे लागतात. सुई मांडीत असते, बाळानं झटका दिला तर लागतं. आधीच्या वेळी आक्कांनीच धरलं होतं. त्यामुळं नर्सबाईंनी सवयीनं स्टूल आक्कांकडं सरकवलं. त्याच्यावर कविता बसली.

नर्सबाई म्हणाल्या, "कविता, आक्कांकडं दे. पाय पक्के धरायला लागतात."

"मी धरते."

"अगं, एका हातानं..."

"हाताचं तुमी नका बघू, सिस्टर. पाय हलले तर मग बोला."

तिनं डावा हात बाळाच्या दोन्ही पायांवर आडवा ठेवला, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि उजव्या हातानं बाळाला छातीशी घेतलं. नर्सबाई सुई हातात धरून आक्कांकडं बघत राहिल्या. त्यांनी मला हे सांगताना कबूल केलं की त्या परवानगीची वाट बघत होत्या.

आक्का म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतीस? आई तिकडं बसलीया."

आणि त्या पायऱ्या उतरून बाहेर गेल्या.

सुई दिली. बाळ रडलं, उपकेंद्राबाहेर ऐकू जाईल इतकं. पाय हलले नाहीत. नर्सबाईंनी कापूस दाबताना खिडकीतून बाहेर पाहिलं. आक्का रिकामी गाडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. ब्रेक लावलेलाच होता.